चंद्री म्हैस आणि पंखांची मोटार

मोटारींना मागच्या बाजूनं पत्र्याचे शोभेचे पंख फुटत, त्या काळातली ही गोष्ट. इनामदारांच्या गोठ्यात अमेरिकेची एक लांबलचक मोटार येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर आरशासारखा लखलखाट, चाकांना पांढरे काठ, आत लोण्यासारख्या मऊ गाद्या, आणि बटण दाबलं की काच आपोआप खाली. तिला शेण लागू नये म्हणून चंद्री म्हशीला बाहेर उन्हात बांधलं.

चंद्रीनं ते पंख नीट पाहिले. त्यांनी उडता येत नव्हतं आणि साधी माशीही हाकलता येत नव्हती.

दसऱ्याला मोटार थाटात निघाली आणि वेशीतच आचके देऊन बंद पडली. ड्रायव्हर रंगराव ओरडला, "या रे, लावा हात!" अर्धं गाव घामाघूम झालं, तेव्हा कुठे ती घरी पोचली.

"बघितलंस ना?" मोटार चंद्रीला म्हणाली. "माझ्यासाठी अख्खं गाव कमरेत वाकलं. तुझ्यासाठी कोण वाकतं गं?"

चंद्रीनं रवंथ थांबवला.

"बाई गं, पुढून वाकतात तो मुजरा. मागून वाकतात त्याला धक्का म्हणतात."