चिंध्यांची होडी आणि शिंपल्यांची होडी

एका खाडीच्या काठी विणकरांचं एक नगर होतं. तिथल्या निळ्या कापडाला देशोदेशी मागणी होती. पण कापड बेतताना उरलेल्या चिंध्यांचं करायचं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं. चिंध्यांनी खाडी तुंबली, मासे दिसेनासे झाले, तेव्हा नगरशेठ म्हणाले, "समोरच्या बेटावर टाकून या. ते काही आपल्या राज्यात नाही."

बेटावर कागद करणारे लोक राहत. झाडांच्या साली कुटून ते कागद करत. झाडं तोडून तोडून त्यांचा डोंगर बोडका झाला होता आणि झरे आटत चालले होते. त्यांच्या जेवणात रोज कालवं असत. शिंपल्यांचे ढीग साचले की तेही होडी भरून नगराच्या किनाऱ्यावर ओतून जात.

चिंध्यांची होडी गोदू नावाची शिंपीण नेत असे. तिच्या नवऱ्याच्या पायात तसलाच एक शिंपला घुसला होता. जखम चिघळली आणि तीन महिने त्याला मागावर बसता आलं नव्हतं.

एका सकाळी दाट धुकं होतं. गोदूला समोर शिंपल्यांनी भरलेली होडी दिसली. ती खडकावर आपटली होती. तळाला भोक पडून आत पाणी शिरत होतं. होडीत कागद करणारी एक म्हातारी आणि तिच्या दोन लेकी होत्या.

गोदूचा नावाडी म्हणाला, "बुडू दे. ह्यांच्यामुळेच तुझा नवरा घरी पडलाय."

गोदूच्याही मनात क्षणभर तेच आलं. मग तिची नजर आपल्याच होडीतल्या चिंध्यांवर गेली आणि ती ओशाळली.

"आपण तरी काय टाकायला निघालोय? होडी जवळ घे!"

तिने चिंध्यांचे बोळे करून भोकात ठासून भरले. पाणी थांबलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. म्हातारीने एक ओली चिंधी हातात घेऊन चोळून पाहिली.

"पोरी, हे तर सुती आहे. हे कुटलं तर सालीपेक्षा चिवट कागद होईल. तुम्ही हे फेकता?"

"आणि तुम्ही शिंपले फेकता!" गोदू म्हणाली. "निळीच्या पिंपात घालायला आमचे रंगारी आठ दिवसांच्या वाटेवरून चुना आणतात."

"शिंपले भाजले की चुनाच होतो की," म्हातारी म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

गोदूने नगरात येऊन चिंध्या आणि शिंपल्यांची अदलाबदल करायचं सुचवलं. नगरशेठना मात्र हे पटेना. "त्यांना चिंध्या हव्यात, म्हणजे त्यात काहीतरी मोल असणार. कोठारात घालून कुलूप लावा. आणि शिंपले भाजायच्या भट्टीची युक्ती तेवढी त्यांच्याकडून काढून घ्या."

"शेठ, कोठारात त्या कुजून जातील," गोदू म्हणाली. "आणि त्यांनीही युक्ती लपवली तर? मी त्यांना चिंध्या निवडायला शिकवते, त्या आपल्याला भट्टी लावायला शिकवतील."

रंगारी गोदूच्या बाजूने उभे राहिले. शेवटी शेठनी एका हंगामापुरती परवानगी दिली.

पहिला कागद निळसर आणि गाठाळ निघाला. पहिला चुना कच्चा राहिला. गोदू आणि म्हातारी खूप हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. हंगाम संपेपर्यंत खाडीचं तोंड मोकळं झालं, बेटावरच्या कुऱ्हाडी थांबल्या आणि डोंगरावर कोवळे कोंब दिसू लागले. पुढे त्या निळसर कागदालाच लांबून लांबून मागणी येऊ लागली. शेठनी आपणहून कोठाराच्या किल्ल्या गोदूच्या हाती दिल्या.

एकदा दूरच्या साखरेच्या देशाचं गलबत बंदरात आलं. गोदू आणि म्हातारी धक्क्यावरच होत्या. गोदूने नाखव्याला विचारलं, "तुमच्याकडे फेकायचं काय उरतं?"

नाखवा चकित झाला. "आजवर प्रत्येक बंदरात लोकांनी 'काय आणलंत' असंच विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं." त्याने जरा विचार केला. "उसाची चिपाडं, बाई. डोंगराएवढी."

म्हातारी लगेच पुढे सरकली. "बसा इथे," ती म्हणाली, "आणि सगळं नीट सांगा."

तात्पर्य एवढंच: एका देशाला जे टाकाऊ वाटतं, ते दुसऱ्याच्या कामाचं असू शकतं, पण त्यासाठी एकमेकांना विचारावं लागतं आणि आपल्याला येतं ते मोकळ्या मनाने शिकवावं लागतं.