ठिपकीचा दाणा आणि 'म'ची हट्टी कळ

टेबलाच्या पायाशी होतं एक भोक. भोकात राहायची ठिपकी मुंगी आणि तिची छोटी बहीण कणी. कणीला लागली होती भूक. फार फार भूक!

टेबलाशी बसली होती बालवाडीतली कुंदामावशी. ती लॅपटॉपवर सहलीचं पत्र लिहीत होती. आणि राजगिऱ्याचा लाडूही खात होती. एक घास लाडू, एक ओळ पत्र. घास, ओळ. घास, ओळ.

लाडवाचा दाणा लॅपटॉपवर पडला. टिक्! ठिपकीने वर चढून तो उचलला. लॅपटॉपवरून निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. इतक्यात वरून आलं मावशीचं बोट. टप्प! दाणा सुटला आणि 'म'च्या कळीखाली गेला. गुडुप!

कळ बसली रुतून. पत्रात उमटलं, "मममममुलांनो!"

"अगंबाई, हे काय भलतंच?" मावशी म्हणाली. तिने लॅपटॉपला थाप मारली, जुन्या रेडिओला मारतात तशी. थाड! कशाचं काय? पुन्हा "ममममम!"

ठिपकीला रडूच आलं. आता कणीला काय द्यायचं?

ती म्हणाली, "कळबाई, कळबाई, वर ऊठ. माझा दाणा दे."
कळ म्हणाली, "मी नाही उठणार! ब्रशने झाडलं, तरच उठेन."

ठिपकी गेली ब्रशकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"ब्रशदादा, ब्रशदादा,
कळ काही उठेना,
माझा दाणा मिळेना!"
ब्रश म्हणाला, "मी नाही झाडणार! लॅपटॉप पालथा झाला, तरच झाडेन."

ठिपकी गेली लॅपटॉपकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"लॅपटॉपराव, लॅपटॉपराव,
ब्रश काही झाडेना,
कळ काही उठेना,
माझा दाणा मिळेना!"
लॅपटॉप म्हणाला, "मी नाही पालथा होणार! जागेपणी कुणी पालथं पडतं का? बाणाने मला बंद केलं, तरच होईन."

ठिपकी गेली पडद्यावरच्या बाणाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पण बाण कुठला सापडतोय! इकडे टुणुक, तिकडे टुणुक. टुणुक टुणुक टुणुक!
"बाणोबा, बाणोबा,
लॅपटॉप पालथा होईना,
ब्रश काही झाडेना,
कळ काही उठेना,
माझा दाणा मिळेना!"
बाण म्हणाला, "मी नाही थांबणार! खाली ती गुळगुळीत पाटी आहे ना, मावशी बोट फिरवते ती? ती झालीय चिकट. फडक्याने पुसली, तरच थांबेन." आणि गेला टुणुक टुणुक!

ठिपकी गेली फडक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"फडकूताई, फडकूताई,
बाण काही थांबेना,
लॅपटॉप पालथा होईना,
ब्रश काही झाडेना,
कळ काही उठेना,
माझा दाणा मिळेना!"
फडकं म्हणालं, "मी नाही पुसणार! मी पुसायचं आणि मावशीने पुन्हा चिकट करायचं? मावशीने हात धुतले, तरच पुसेन."

ठिपकी गेली मावशीकडे. आता पाय दुखत होते. तरी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.
"मावशी, मावशी,
फडकं पाटी पुसेना,
बाण काही थांबेना,
लॅपटॉप पालथा होईना,
ब्रश काही झाडेना,
कळ काही उठेना,
माझा दाणा मिळेना!"
मावशी म्हणाली, "मी नाही हात धुणार! माझे हात स्वच्छच आहेत." आणि घेतला लाडवाचा आणखी एक घास!

ठिपकीला आला राग. एवढीशी मुंगी, केवढा तो राग! ती चढली मावशीच्या बोटावर. एक पाऊल, दोन पावलं... आणि चिक्क! पाय चिकटले. सहाच्या सहा!

"मावशी, मी चिकटले! तुझ्या स्वच्छ हाताला चिकटले!"

मावशीने बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटावर गूळ. गुळात मुंगी. "अगंबाई, माझंच चुकलं गं!" मावशी म्हणाली. तिने ठिपकीला अलगद सोडवलं आणि धावली मोरीत.

मावशीने हात धुतले. खळखळ खळखळ! कोरडेही केले.
फडक्याने पाटी पुसली. सुईं सुईं!
बाण थांबला. 'बंद'वर जाऊन गुपचूप बसला.
लॅपटॉप झोपला. मावशीने त्याला पालथा केला आणि हळूच थोपटलं. थाड नाही हं. थप थप!
ब्रशने झाडलं. फुर्र फुर्र!
आणि काय काय पडलं म्हणता? शेवेचा तुकडा! बडीशेप! एक चपटा पोहा! मावशी लाजली.
कळ उठली. टुक्!
आणि घरंगळत आला राजगिऱ्याचा दाणा.

"माझा दाणा!" ठिपकी नाचायलाच लागली.

मावशी म्हणाली, "ठिपके, दाणा कशाला? हा लाडूच घे."
"नको गं मावशी," ठिपकी म्हणाली. "लाडू तुझा. दाणा माझा."

दाणा घेऊन ठिपकी घरी आली. तुरुतुरु तुरुतुरु. "कणी, ए कणी, हे बघ काय आणलंय!"

कणीने दाणा घेतला. कुटुक! मधोमध तोडला. "ताई, हा अर्धा तुझा. तू किती चाललीस!"

दोघी शेजारी बसल्या आणि त्यांनी दाणा खाल्ला. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. मुंग्यांची पोटं भरली, आपली गोष्ट सरली.