रंगाऱ्याच्या घरचा चीक

एका गावात सूत रंगवून देणारा एक रंगारी राहत असे. हिवाळ्यात त्याची बायको तापाने गेली. मागे सहा-सात वर्षांची मुलगी राहिली आणि तिच्याहून लहान मुलगा.

आईचे नाव निघाले की मुलगा रडायचा, आणि रडता रडता त्याला उलटी व्हायची. रंगाऱ्याला काय करावे ते सुचेना. शेवटी त्याने दोघांना समोर बसवून सांगितले, "यापुढे घरात आईचं नाव काढायचं नाही." मुलांनी माना हलवल्या. घर शांत झाले. रंगाऱ्याला वाटले, मुले सावरली.

उन्हाळा आला. अंगणाअंगणात वाळवणाच्या खाटा पडल्या. शेजारी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजू लागला, तेव्हा दोन्ही मुले भिंतीला टेकून नुसता वास घेत उभी राहिली. ते पाहून रंगाऱ्याने ठरवले, आपल्या घरीही कुरडया व्हायच्या. या एका गोष्टीत तरी मुलांना उणे वाटायला नको.

त्याने घरात होते ते सगळे गहू भिजवले, रोज पाणी बदलले, वाटले, गाळले आणि रात्री पातेल्यात झाकून ठेवले. पुढचे त्याला ठाऊक नव्हते. बायकोला हे करताना त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते. म्हणून तो विचारत फिरला.

एक शेजारीण म्हणाली, "मीठ आधी घाला."

दुसरी म्हणाली, "छे! शेवटी घाला. तिचं काय ऐकता भावजी, तिच्या कुरडया तळल्या तरी फुलत नाहीत."

तिसरीने दोघींनाही वेड्यात काढले. रंगारी होता त्याहून जास्त गोंधळून घरी आला.

सकाळी त्याने पातेल्यावरचे झाकण काढले. वर निवळ पाणी होते, तळाशी घट्ट पांढरा थर बसला होता. एवढे मात्र आपल्याला कळते, असे त्याला वाटले. रंगाच्या पिंपात खाली बसतो तो गाळ. कामाचे असते ते वरचे. त्याने वरचे पाणी जपून कढईत ओतून घेतले आणि तळाचा थर खरवडून परसातल्या उकिरड्यावर टाकायला सुरुवात केली.

मुलगी दारात उभी होती. तिने तोंड उघडले, पुन्हा मिटले.

"काय गं?"

"काही नाही, बाबा."

कढई चुलीवर चढली. पाणी उकळले, उसळले, पण दाट होईना. रंगाऱ्याने मीठ घातले. थोड्या वेळाने पुन्हा घातले. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"भावजी, कुरडया करताय की अंघोळीचं पाणी तापवताय?"

रंगारी ढवळतच राहिला. तेवढ्यात मुलगा ओरडला, "आई असं नाही करत! आई ते खालचं…"

मुलीने धावत येऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप! आईचं नाव काढलं की बाबांना त्रास होतो."

रंगाऱ्याचा हात थांबला. नाव बंद केले होते ते मुलांसाठी. आणि ही पोर बापाला सांभाळत होती?

"खालचा थर टाकायचा नसतो, हे तुला ठाऊक होतं?"

"हो. तोच तर चीक."

"मग सांगितलं का नाहीस? सगळे गहू गेले!"

मुलगी रडवेली झाली. "कुणी शिकवलं म्हणून सांगू? आईचं नाव घ्यावं लागलं असतं ना."

रंगारी चुलीपाशी खाली बसला. पाण्याची कढई त्याने खाली उतरवली. मग म्हणाला, "आई कसं करायची?"

मुलगा रडू लागला. रंगाऱ्याने त्याला मांडीवर घेतले, पण गप्प केले नाही. उलटी झाली, तीही त्याने पुसली. पातेल्याच्या तळाला थोडा चीक चिकटून राहिला होता. मुलीने तो काढून दिला.

"आधी वेगळ्या पाण्याला उकळी आणायची," ती म्हणाली. "मग चीक घालायचा. आणि आई पहिली वाटी देवाला ठेवायची."

"नाही, मला द्यायची!" मुलगा हुंदक्यातून म्हणाला.

"देवाला!"

"मला!"

कोणाचे खरे, हे रंगाऱ्याला कळेना, आणि आता विचारायचे तरी कोणाला? चीक शिजल्यावर त्याने दोन वाट्या भरल्या. एक देवापुढे ठेवली, एक मुलाच्या हातात दिली. कुरडयांपुरता चीक उरलाच नव्हता. जो होता त्यात दूध आणि गूळ घालून तिघे खायला बसले.

"गुठळ्या झाल्यात," मुलगा म्हणाला. "आईचा असा नसायचा."

"मग कसा असायचा?" रंगाऱ्याने विचारले.

आणि मुलगा सांगू लागला.

या गोष्टीचे तात्पर्य: गेलेल्या माणसाचे नाव घरात बंद केल्याने दुःख थांबत नाही, फक्त प्रत्येकजण त्यात एकटा पडतो.