एक जाड कण

एकदा एका शिष्याने ठरवले, की आजवर कोणी केला नसेल इतका बारीक धारेचा दगड आपण करायचा. हौस म्हणून नव्हे. त्याच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गावात मुक्कामाला आलेले शस्त्रवैद्य तो काढायला तयार होते, पण त्यांचा धारेचा दगड झिजून गेला होता. "पात्यावर एकही ओरखडा चालायचा नाही," त्यांनी बजावले, "आणि पौर्णिमा झाली की मी निघालो."

शिष्याचे गुरू म्हणजे धारेचे दगड घडवण्यात हयात घालवलेले वृद्ध कारागीर. कुरुंद या अतिशय कठीण दगडाची पूड लाखेत घोटून वडी थापायची, ही त्यांची रीत. शिष्याने पूड कुटली, वाटली, पुन्हा वाटली. बोटांची सालटी निघाली. दगड झाला गुळगुळीत, देखणा. त्यावर सुरी घासून पाहिली, तर पात्यावर बारीकसा ओरखडा! दुसरा केला. पुन्हा ओरखडा.

गुरूंच्या ओसरीवर बसलेल्या आईने विचारले, "झाला का रे दगड?"

"किती वेळा तेच ते? गप बस ना जरा!" तो खेकसला.

गुरू उठले. त्यांनी उरलेली सगळी पूड पाण्याने भरलेल्या घंगाळात ओतली, ढवळली आणि स्वस्थ बसून राहिले. मग वरचे गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घेतले आणि तळाचा गाळ अंगणात फेकून दिला.

"गुरुजी, माझी एवढी मेहनत!" शिष्याला रडू फुटायचेच बाकी होते.

"मेहनत त्या गढूळ पाण्यात शाबूत आहे. जाड कण आधी तळाला जातात, बारीक तरंगत राहतात. तू नुसता वाटत राहिलास, निवडलं काहीच नाहीस. ओरखडा उठायला एक जाड कण पुरतो, बाबा, आणि दगडाची पारख त्या एकावरूनच होते." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "आईसाठी दिवसभर राबतोस. पण तिच्या मनात राहील तो मघाचा एक शब्द. घटकाभर थांबला असतास, तर तोही असाच तळाला गेला असता."

शिष्याची मान खाली गेली. भांड्यातले पाणी निवळून बारीक पूड खाली बसेपर्यंत पौर्णिमा उलटणार होती. त्याने जाऊन वैद्यांना खरे ते सांगितले, हात जोडले. वैद्य म्हणाले, "थांबतो. घाईच्या दगडावर मी शस्त्र घासणार नाही."

आई मात्र रोज विचारायची, "झाला का रे?" शिष्य क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "होतोय, आई. तू जेवलीस का?"

दगड झाला. वैद्यांचे पाते त्यावरून फिरले आणि आरशासारखे स्वच्छ निघाले.

डोळ्यांची पट्टी सुटली तेव्हा आईने आधी मुलाचे हात पाहिले. खपल्या धरलेल्या बोटांवरून ती अंगठा फिरवत राहिली. "एवढं सोसलंस, आणि मी आपली सारखी तेच तेच विचारत होते."

शिष्य थोडा थांबला.

"विचार ना, आई," तो म्हणाला. "कितीदाही विचार."