आधी तुमचं आचमन

भाऊसाहेब घाटपांड्यांच्या मंगल कार्यालयात पंगती उठल्या की उरलेला भात, आमटी, पत्रावळी, सगळं मागच्या ओढ्यात जायचं. त्याच ओढ्याचं पाणी खाली अंबूवहिनींच्या आळीतल्या विहिरीत पाझरायचं. आळीतली पोरं पोटं धरून बसायची.

वहिनी सांगायला गेल्या, तर भाऊसाहेब हसले. "अहो वहिनी, वाहतं पाणी ते! गंगेसारखं पवित्र."

श्रावणात कार्यालयात सत्यनारायण होता. पूजेची मांडणी दरवर्षी वहिनींकडेच असायची. सोवळं नेसून भाऊसाहेब पाटावर बसले. गुरुजी म्हणाले, "आचमन करा." पळीतलं पाणी तळहातावर घेऊन ओठांशी नेताच भाऊसाहेबांनी नाक मुरडलं.

"शी! हे कुठलं पाणी?"

"तुमच्याच ओढ्याचं," वहिनी पदर सावरत म्हणाल्या. "देवाचा कलश अजून रिकामाच ठेवलाय हो. तुम्हाला चाललं, तर देवालाही तेच घालू."

गुरुजींनी हळूच पोथी मिटली. भाऊसाहेबांनी पळी खाली ठेवली आणि आधी गडीमाणसांना हाक मारली, "मागे खड्डा खणा रे! आता सगळं त्यातच."

पुढच्या श्रावणात वहिनींनी कलश आळीच्या विहिरीवरून भरून आणला. भाऊसाहेबांनी निमूट आचमन केलं. पळी मात्र आधी नाकाशी नेली.