शंका आली की दोन तिरक्या रेघा

समुद्राकाठच्या एका गावात एक भोळा प्रोग्रामर राहत होता. नाव विसू आरोलकर. कामाला वाघ, मनाने निर्मळ, पण सांगितल्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचा नाही. एकदा पंगतीत आईने सांगितलं, "नको म्हणेपर्यंत वाढत राहा." पंगतीतले एक आजोबा "पुरे, पुरे" म्हणत राहिले. "नको" काही म्हणाले नाहीत. विसू वाढत राहिला.

गावात नारळाच्या वखारीच्या माडीवर केळुसकर बाईंचं ऑफिस होतं. विसू तिथेच नोकरीला. बाईंनी वीस वर्षं खपून एक सी कंपायलर तयार केला होता. कंपायलर म्हणजे दुभाषा. माणसाने सी भाषेत लिहिलेलं तो यंत्राच्या बोलीत करून देतो आणि लिहिण्यातल्या चुकाही दाखवतो. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं त्याच्याच जिवावर चालायची. शुक्रवारी कारखान्याचे मॅनेजर डिसोझा नवी आवृत्ती न्यायला येणार होते. त्याआधी कंपायलर झाडून-पुसून लख्ख करायचा होता.

सोमवारी बाई म्हणाल्या, "विसू, आधी कमेंटा घे. त्या आपण आपल्यासाठी लिहिलेल्या टिपा. यंत्र त्या वाचत नाही. ज्या वाचून काही कळत नाही, त्या काढून टाक."

संध्याकाळी बाईंनी बघितलं, तर औषधालाही कमेंट उरली नव्हती.

"सगळ्या काढल्यास?"

"मला एकही कळली नाही."

बाईंनी जुनी प्रत पुन्हा लावली. "अरे, आपल्याला कळलं नाही म्हणून काढायचं नसतं. ज्याला ठाऊक असेल, त्याला जाऊन विचारायचं."

विसूला ते पटलं.

मंगळवारी एका ओळीवर कमेंट सापडली: 'ही ओळ का लागते, ते रवळनाथालाच ठाऊक.' विसूने चपला घातल्या आणि थेट रवळनाथाच्या देवळात गेला.

"कौल लावायचाय," तो गुरवाला म्हणाला. "ओळ ठेवायची तर उजवा, काढायची तर डावा."

"कसली ओळ?"

"चारशे बारावी."

गुरवाने जन्मभर जमिनीचे, सोयरिकींचे आणि हरवलेल्या म्हशींचे कौल लावले होते. त्याने मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवून हाही लावला. डावी पाकळी पडली. विसूने देवाला नमस्कार केला, ऑफिसात येऊन ओळ काढली, आणि कंपायलरने जागच्या जागी बसकण मारली.

"देवाला कशाला मध्ये घेतलास?" ओळ परत घालत बाई म्हणाल्या. "कमेंट नीट वाचावी. तिच्यात लिहिलंय तसं वागावं. अक्षराने इकडेतिकडे नाही."

हेही विसूला पटलं.

बुधवारी बाईंनी आतलं सामान आवरायला काढलं. प्रोग्राममधली नावं कंपायलर दोन याद्यांत ठेवायचा. "यातली एक आता बिनकामाची झालीय," बाई म्हणाल्या. "कुठली ते बघ आणि काढून टाक."

विसूने दोन्ही याद्या बघितल्या. एकीवर कमेंट होती: 'या यादीला हात लावू नये.' त्याने विचार केला. जिला कुणी हातच लावत नाही, तीच बिनकामाची असणार. पण काढायची कशी? बाईंचा शब्द मोडायचा नव्हता, कमेंटचाही नव्हता. बराच वेळ तो घामाघूम होऊन बसला. मग त्याला सुचलं.

कंपायलरला आता कुठलंच नाव ओळखता येईना. बाई धावत आल्या. "वर स्पष्ट लिहिलं होतं ना, हात लावू नये म्हणून?"

"लावला नाही. पेन्सिलीने बटणं दाबली."

बाईंनी पेन्सिल काढून घेतली. त्यांना भाचीच्या साखरपुड्याला कुडाळला जायचं होतं. यादी परत जागेवर ठेवून त्या म्हणाल्या, "आता काही काढायचंच नाही. कुठल्या ओळीची शंका आली, तर तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा मार. म्हणजे ती कमेंट होते. यंत्र तिच्याकडे बघत नाही, आणि ओळ जागेवर राहते."

इतका सोपा नियम विसूला जन्मात कुणी सांगितला नव्हता. गुरुवारी तो डबा घेऊन बसला. पहिली ओळ वाचली. शंका आली. दोन रेघा मारल्या. दुसरी वाचली. तिचीही आली. नऊ हजार ओळी होत्या. बोटं सुजली, पण विसू हटला नाही. फक्त प्रोग्राम उघडणारी ओळ आणि तो मिटणारा शेवटचा कंस एवढंच त्याने ठेवलं. त्यांची त्याला शंका आली नाही.

शुक्रवारी बाई स्टँडवरून थेट ऑफिसात आल्या. डिसोझा येऊन बसलेच होते. त्यांनी आपला प्रोग्राम दिला. बटण दाबलं न दाबलं तोच काम संपलं.

"चुका किती?" डिसोझांनी घाबरत विचारलं.

"एकही नाही," विसू म्हणाला.

"मागच्या वेळी सदतीस काढल्या होत्या ह्याने." डिसोझांनी हात जोडले. "बाई, काय सुधारलाय हो तुमचा कंपायलर."

बाईंनी विसूच्या पाठीवरून हात फिरवला. विसूला आईची आठवण झाली.

डिसोझांनी कारखान्यात जाऊन यंत्रातला जुना प्रोग्राम पुसला आणि नवा चढवला. दुपारी त्यांचा फोन आला. "बाई, मशीन हूं की चूं करत नाही. बर्फाचं पाणी मासळीबाजारात शिरलंय. सुरमई पोहायला लागेल आता."

बाईंनी कोड उघडला. त्यांच्या पडद्यावर कमेंट हिरव्या रंगात दिसायची. वरपासून खालपर्यंत सगळं भाताच्या खाचरासारखं हिरवंगार होतं.

"विसू," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुला नक्की शंका तरी कसली आली?"

"हे चालेल की नाही, याची."

"आणि आता?"

"आता काही शंका उरली नाही, बाई," विसू समाधानाने म्हणाला. "चालत नाही."