नववी पखाल

फार पूर्वी, अवजारांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. शंभर तोळे चुनखडी भाजून भट्टीने दिलेला चुना तागडीत पन्नासच तोळे भरला. यायला हवा होता छप्पन्न.

"सहा तोळे या तागडीने गिळले," भट्टी घणाला म्हणाली. "ठोकून सपाट कर तिला."

तागडीचा काटा जराही हलला नाही. "खुशाल ठोक. पण आधी हिचा वायू मोज. चुनखडी पुरती भाजली, तर नऊ पखाली वायू सुटतो."

भट्टीने पुन्हा शंभर तोळे भाजले. तिच्या तोंडाला लावलेली पखाल आठ वेळा टम्म फुगली. नवव्यांदा चपटीच राहिली.

"वायूही मीच गिळला का गं, भट्टीबाई?"

भट्टीने पोट उकरलं. तळाशी कच्चे खडे निघाले.

"लाकडं आणा," ती म्हणाली. "अजून भाजायचंय."